शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या मास्तरांनी हॉस्पिटलच्या दारातली कुंडी फोडली, ही बातमी मास्तरांच्या आधी घरी पोचली. मला ती फोनवर तिघांनी सांगितली आणि तिघांच्याही आवाजात काळजीपेक्षा मजा जास्त होती. त्यांना तरी का बोल लावायचा? ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, त्यानेच भर दुपारी, मोकळ्या आवारात, एका जागी उभ्या असलेल्या कुंडीला धडक दिली म्हटल्यावर कोण हसणार नाही? मीही आधी हसले. मग मागच्या सीटवर सासूबाई होत्या, ऑपरेशन झालेला पाय लांब करून, हे आठवलं आणि माझं हसू जागच्या जागी गेलं.

मास्तर म्हणजे माझे सासरे. मी त्यांच्याकडे गाडी शिकायला गेले आणि शिकता शिकता त्यांच्या मुलाच्या प्रेमात पडले, त्यामुळे मी त्यांची आधी विद्यार्थिनी आणि मग सून. 'बाबा' म्हणायची सवय मला लागलीच नाही. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा एक नियम होता आणि तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. गाडीत बसायच्या आधी चपला-बूट काढायचे. वकील असो, फौजदार असो, सगळे अनवाणी. "रस्ता डोळ्याला दिसतो, पण गाडी पायाला कळते," असं ते म्हणायचे. फौजदारसाहेबांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली, तर मास्तरांनी किल्ली खिशात घातली आणि शांतपणे चहा प्यायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी साहेब घरूनच अनवाणी आले.

गाडी तीच, जिच्यावर मी शिकले. पांढरी, आता बरीचशी पिवळट. घरात तिला म्हातारी म्हणतात. शिकवणीची असल्यामुळे तिला दोन ब्रेक आहेत, एक ड्रायव्हरच्या पायाशी आणि एक शेजारच्या सीटपुढे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. दोन्ही आतून दांडीने जोडलेले, म्हणजे एकाने दाबला की दुसऱ्याच्या पायाखालचंही पेडल खाली जातं. आम्ही चुकलो की मास्तर ओरडायचे नाहीत. त्यांच्या बाजूने ब्रेक लागायचा, गाडी थांबायची आणि ते म्हणायचे, "पुन्हा."

स्कूल बंद केलं तेव्हा त्यांनी सगळ्या पेडलांना नवी रबरं बसवून घेतली. गाडी आता घरची झाली, म्हणाले. शेजारचा ब्रेक मात्र काढला नाही. कुणाला त्रास देतोय, राहू दे. आणि त्या सीटवर तेव्हापासून आई बसायला लागल्या, माझ्या सासूबाई.

आई म्हणजे मास्तरांची एकुलती एक नापास विद्यार्थिनी. हा घरातला जुना विनोद आहे. लग्नानंतर मास्तरांनी त्यांना शिकवायला घेतलं, तर पहिल्याच वळणावर आईंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकले. मास्तरांनी ब्रेक लावला आणि सवयीने म्हणाले, "पुन्हा." आई म्हणाल्या, "पुन्हा नाही." दार उघडून उतरल्या आणि चालत घरी आल्या. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात म्हणून लावला नाही.

तर कुंडी. घरी आल्यावर मास्तर खुर्चीत बसले आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत राहिले. पायात कापडी बूट होते. हल्ली त्यांना थंडी सोसत नाही म्हणून गाडीतही ते बूट घालायचे. मीच त्यावरून दोनदा चिडवलं होतं.

"नक्की झालं काय?" मी विचारलं.

"ब्रेक दाबला. हळूच होती गाडी, अगदी चालत. तर पेडल पायाला उलटं मारायला लागलं. कर्रकर्र आवाज. आणि थांबायची ती गाडी पुढेच गेली."

"पाय घसरला असेल."

"माझा?" ते एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "असेलही."

हे 'असेलही' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी आईंकडे पाहिलं. आई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि चादरीची किनार सारखी करत होत्या.

आमचे हे कामानिमित्त दुसऱ्या शहरात असतात. फोनवर सगळं ऐकून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. बाबांचं वय झालंय, ब्रेकला कशाला नावं ठेवायची? किल्ली काढून घे तू. रविवारी मी येतोच, तोवर घेऊन ठेव."

किल्ली काढून घे म्हणे. फोनवरून सांगायला यांचं काय जातं? सकाळी उठून म्हातारी पुसायची, आईंना पायाच्या व्यायामाला न्यायचं, वाटेत जुने विद्यार्थी 'मास्तर' म्हणून हात करतात त्यांना मान हलवायची, हाच त्या माणसाचा दिवस. किल्ली गेली तर हा माणूस सकाळपासून करणार काय, मला सुचेना. आणि किल्ली राहिली आणि उद्या कुंडीच्या जागी कुणाचं मूल असलं तर काय, तेही सुचेना. मी यांना म्हटलं, आधी गाडी दाखवते, मग बघू.

बघू हेच आमच्या गॅरेजवाल्याचं नाव. आईवडिलांनी ठेवलेलं वेगळं असणार, पण गाडी कधी मिळेल, खर्च किती, बिघाड कशाचा, सगळ्याला त्याचं एकच उत्तर, म्हणून बघू. तोही मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने गाडीला कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणाला सगळं ठीक. बघू स्वतः चालवून आला, ठीक. मास्तरांनी चालवली, ठीक. परत वळून फाटकातून आत येताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी अगदी शहाण्यासारखी थांबली. थोड्या वेळाने दिवा आपोआप विझला आणि पुढच्या ब्रेकला कर्रकर्र होऊन गाडी हातभर पुढे सरकली.

बघूचा चेहरा उजळला. "एबीएस," तो म्हणाला. "जोरात ब्रेक मारला की चाकं अडकतात आणि गाडी घसरते. ते होऊ नये म्हणून एबीएस ब्रेक सोडतं, धरतं, सोडतं, धरतं. चाक किती फिरतंय हे सांगायला प्रत्येक चाकाशी एक सेन्सर असतो. त्यातला एखादा खोटं बोलायला लागला की एबीएसला वाटतं चाक अडकलं. मग नको तिथे ब्रेक सोडून देतं."

"मग दिवा?" मास्तरांनी विचारलं.

"चोरी पकडली गेली की दिवा लागतो. मग एबीएस बाजूला होतं आणि साधा ब्रेक राहतो."

"म्हणजे दिवा लागला की गाडी नीट थांबते."

"हो."

"मग दिवा लागणं चांगलं."

"नाही हो मास्तर. दिवा लागणं म्हणजे बिघाड."

"बिघाड असला की थांबते. आणि बिघाड नाही तेव्हा थांबत नाही."

"तसं नाही," बघू म्हणाला. मग त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे, तसंच आहे."

दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, हे मास्तरांनी जन्मभर शिकवलं. आता दिवा लागला की निर्धास्त जायचं आणि विझला की घाबरायचं, हे त्यांच्या डोक्यात बसेना. खरं सांगायचं तर माझ्याही बसेना. पण बघूने पुढचं चाक काढलं आणि सेन्सर बाहेर काढून दाखवला तेव्हा निदान काहीतरी हातात आलं. आईंच्या ऑपरेशनच्या वेळी गाडी कितीतरी दिवस अंगणात तशीच उभी होती, पावसापाण्यात. सेन्सरच्या बुडाशी गंजाची पापडी धरली होती आणि वायरही विरली होती. त्याने ते सगळं बदललं. दिवा गेला, कर्रकर्र गेली.

घरी येताना मास्तर शीळ घालत होते. दारातूनच त्यांनी आईंना सांगितलं, "ऐकलंस का? माझा पाय नव्हता. सेन्सर होता." यांना स्वतः फोन लावला आणि एबीएस म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी कुंडीवाल्या तिघांनाही फोन केले. आई तेवढ्या हसल्या नाहीत. "झालं ना दुरुस्त, बरं झालं," म्हणाल्या आणि पुन्हा चादरीच्या मागे लागल्या. ऑपरेशनचा गुडघा ठणकत असेल, असं मला वाटलं.

हे सुख दोन दिवसही टिकलं नाही. उतारावरच्या सिग्नलला मास्तरांनी ब्रेक लावला आणि गाडी पट्ट्यावरून पुढे जाऊन, रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईच्या पिशवीला चिकटून थांबली. मी शेजारी बसले होते. दिवा लागला नव्हता. कर्रकर्र झाली नव्हती. काहीच झालं नव्हतं, फक्त गाडी उशिरा थांबली होती. त्या बाईने मास्तरांना ओळखलं असावं, कारण ती रागावली नाही, नुसती बघत राहिली. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

"ब्रेक जड झालाय," मास्तर म्हणाले. "बघूने काहीतरी करून ठेवलंय. पूर्वी कसा लोण्यासारखा होता."

परत गॅरेज. बघूने ब्रेक तपासला, तेल बघितलं, आणखी काय काय बघितलं. "उत्तम आहे," म्हणाला. मी चालवली. उत्तम होती. मास्तर बसले की जड. मी त्या दिवशी बघूवर उगीचच चिडले. म्हटलं, तुला धड जमत नाही तर सांग ना, नवीन पार्ट घालून नवीन दुखणं कशाला देतोस? तो बिचारा 'बघू' सुद्धा म्हणाला नाही. गाडी वाईट म्हणावी तर माझ्या पायाखाली चांगली चालते. मास्तर वाईट म्हणावेत तर आईंच्या ऑपरेशनपर्यंत हेच मास्तर रोज हीच गाडी चालवत होते आणि एक ओरखडा नव्हता. मग महिन्याभरात असं झालं काय? माझं डोकं चालेनासं झालं, आणि रविवार जवळ येत होता.

शनिवारी मी गाडी आतून झाडायला घेतली. शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं बाहेर काढलं आणि वाकल्यावर तो दुसरा ब्रेक नाकासमोर आला. त्याचं रबर एका कडेने पार झिजलं होतं. आतलं लोखंड चमकत होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. स्कूल बंद झाल्यावर नवं घातलेलं रबर. त्यानंतर कुणी विद्यार्थी नाही, कुणी शिकवणारा नाही. मग हे झिजवलं कुणी? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी झाडू तसाच टाकून आत गेले. आई खिडकीशी बसल्या होत्या.

"आई, तुम्ही ब्रेक दाबता?"

त्यांनी मला कसला ब्रेक म्हणून विचारलं नाही. आधी बाहेर बघितलं, मास्तर नळावर फडकी पिळत होते. "हळू बोल," म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ते शिडीवरून पडले ना, कमरेवर, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले बरे झाले. पण मी रोज शेजारी बसते, मला दिसतं. ब्रेक लावताना हे मांडीला हाताने रेटा द्यायचे. एकदा तर गाडी थांबतच नव्हती, मी भीतीने माझा पाय दाबला आणि थांबली. मग दाबतच गेले. यांनी दाबला की मी पण. यांना वाटायचं ब्रेक मऊ आहे. म्हणायचे, बघ म्हातारी अजून कशी लोण्यासारखी थांबते. काय सांगणार होते मी?"

"आणि ऑपरेशननंतर तुम्ही मागे बसायला लागलात."

"पुढे पाय मावत नव्हता ना. ऑपरेशन झालेला मावत नव्हता. दाबायचा पाय चांगला आहे." त्यांनी परत नळाकडे बघितलं. "तो सेन्सर निघाला तेव्हा मला वाटलं, चला, देवाने ऐकलं. यांचा पायच बरा होता, मीच वेडी."

मी चिडायला हवं होतं. इतके दिवस दोघं एका गाडीत अर्धा अर्धा ब्रेक लावत फिरत होते आणि सांगितलं कुणाला नाही. पण माझ्याने चिडवेना. मी म्हटलं, उद्या हे यायच्या आत मास्तरांना सांगायला हवं. आई म्हणाल्या, "तू मध्ये पडू नकोस. मी सांगते."

रविवारी सकाळी आई तयार होऊन गाडीशी आल्या आणि म्हणाल्या, "आता गुडघा वाकतोय. मी पुढे बसते." मास्तर खूश झाले, त्यांनी सीट मागे सरकवून दिली. मी मागे बसले. आई आता सांगतील, मग सांगतील, म्हणून मी वाट बघत होते, पण त्या काही बोलेनात. उतारावरचा सिग्नल आला. मास्तरांनी ब्रेक लावला आणि गाडी पट्ट्याच्या अलीकडे, पाणीसुद्धा हिंदकळणार नाही अशी थांबली.

"आज मऊ आहे," मास्तर म्हणाले.

सिग्नल सुटला तरी ते जागचे हलले नाहीत. मागून हॉर्न वाजायला लागले. मग त्यांनी गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला न घेता मैदानाकडे वळवली, जिथे ते आम्हाला शिकवायचे. मैदानात कुणी नव्हतं. खेळासाठी मारलेली चुन्याची एक रेघ तेवढी होती. गाडी लांब उभी करून ते म्हणाले, "दोन्ही पाय वर घे."

"कशाला?" आईंनी विचारलं.

"घे म्हटलं ना."

आईंनी पाय सीटवर घेता येतील तेवढे घेतले. मास्तरांनी शिकाऊ माणसाच्या वेगाने गाडी सोडली आणि रेघेआधी ब्रेक लावला. हात मांडीवर गेला, मानेच्या शिरा ताठल्या. गाडी रेघ ओलांडून बरीच पुढे जाऊन थांबली. त्यांनी वळवून पुन्हा जागेवर आणली.

"आता मी पाय लावत नाही. रेघ आली की तू दाब."

"मला नाही येत."

"दाब."

आईंनी दाबला. गाडी रेघेच्या अलीकडे थांबली.

मास्तर रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "तू दाबतेस हे मला माहीत होतं."

आई त्यांच्याकडे बघायला लागल्या. मीही.

"सगळा जन्म त्या पेडलवर पाय ठेवून काढला मी. शेजारच्याने दाबला तर मला कळणार नाही? मला वाटायचं, तू घाबरतेस. पहिल्यापासून घाबरतेस तू. म्हटलं दाबू दे, तिच्या मनाला बरं. बोललो तर उतरून चालत घरी जाशील." त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. "थांबवतोय मीच, असंच समजत होतो."

"मी घाबरत नव्हते," आई म्हणाल्या.

"आत्ता कळलं."

त्यांनी वाकून उजव्या पायातला बूट काढला आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला, आम्हाला ठेवायला लावायचे तसा. बोटं हलवून बघितली. "काही कळत नाही," ते म्हणाले. "टाचेला कळतं थोडं. बोटांना नाही. बुटात असलं की वाटायचं, बुटामुळे असेल." मला इतकं वाईट वाटलं की मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. उद्या डॉक्टरकडे जाऊ, एवढंच मी म्हटलं. ते हो म्हणाले, त्यांनी वादसुद्धा घातला नाही.

मग ते उतरले, मागचं दार उघडलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मी नापास," म्हणाले. "त्याला यायच्या आधीच सांगून टाक, म्हणजे त्याला येऊन मागायला नको." आणि पुढच्या खिडकीत वाकून आईंना म्हणाले, "तू पास. ब्रेकपुरती."

आईंनी डोळ्यांना पदर लावला.

मी चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मास्तर मागे बसले, या गाडीत पहिल्यांदाच. आरशात मला ते गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले दिसत होते, नव्या जागी पाहुणा बसतो तसे. घर येईपर्यंत कुणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

उतारावरचा सिग्नल लाल झाला. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि मी दाबायच्या आधीच पेडल माझ्या पायाखालून अलगद खाली गेलं. गाडी थांबली. मी शेजारी बघितलं. आई खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होत्या.

"आई, माझा पाय चांगला आहे."

"असू दे," मागून मास्तर म्हणाले. "दाबू दे तिला."